धुक्यात सुई चळते तेव्हा: कंपास, मोबाइल, घड्याळ की जीपीएस?

पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर मसाई पठार लागतं. जुलैत इथे धुकं असं दाटतं की दहा पावलांपुढचं काही दिसत नाही. पठार सपाट, म्हणून चढ-उतारावरून अंदाज बांधता येत नाही आणि ओळखीची खूण सापडत नाही. अशा जागी दिशा पाच अंशांनी चुकली, तर किलोमीटरभर चालल्यावर माणूस ८७ मीटर बाजूला गेलेला असतो. दहा अंशांनी चुकली, तर १७५ मीटर. पठाराची कडा गाठायला तेवढं पुरतं.

म्हणून लांबच्या चालीला निघताना प्रश्न पडतो की दिशेसाठी भरवसा कशावर ठेवायचा. निवड करण्याआधी एक भेद मनात पक्का हवा. काही साधनं चुंबकावर दिशा सांगतात, काही तुमच्या सरकण्यावर. प्लेटचा कंपास (पारदर्शक पट्टीवर बसवलेला साधा सुईचा कंपास), मोबाइलमधला कंपास आणि घड्याळातला कंपास ही तिन्ही पहिल्या जातीची. खिशातलं एकच चुंबक तिघांनाही फसवू शकतं. त्यामुळे मोबाइलच्या कंपासवरून हातातल्या कंपासची खात्री करणं ही खात्रीच नव्हे. उपग्रहांवरून मिळणारं ठिकाण आणि चालताना त्यावरून निघणारी दिशा मात्र चुंबकाला ओळखत नाही.

प्लेटचा साधा कंपास

बॅटरी नाही, पावसाची भीती नाही, आणि बिघडला तर बहुतेक वेळा दिसून येतो. महाराष्ट्रात त्याला दोन गोष्टी अनुकूल आहेत. एक म्हणजे नकाशावरची खरी उत्तर आणि सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर यांच्यातला फरक इथे एखाद्या अंशाच्या आसपासच राहतो. न्यूझीलंडमध्ये तो वीस अंशांच्या वर जातो. इथे नकाशावरची दिशा थेट कंपासवर घेतली तरी चालतं. दुसरी म्हणजे सुईला वळवणारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक आपल्याकडे सुमारे ३८ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आहे, ब्रिटनमध्ये जवळपास त्याच्या निम्मा. तेच चुंबक, तेवढ्याच अंतरावर, तिथल्यापेक्षा इथे सुईला कमी चळवतं.

खरेदी करताना मात्र सुईचा तोल बघा. उत्तर युरोपसाठी बनवलेल्या सुईचा तोल तिथल्या तीव्र चुंबकीय झुकावासाठी, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीकडे जितकं कललेलं असतं त्यासाठी, साधलेला असतो. इथे झुकाव बराच कमी, त्यामुळे ती एका टोकाला कलते, डबीच्या तळाला घासते आणि अडखळत फिरते. लोक याला चुंबकाचा अडथळा समजून वाटेतली कारणं शोधत बसतात. ‘ग्लोबल’ सुई असलेला कंपास घेतला, उदाहरणार्थ सुंटो एमसी-२ ग्लोबल, की ही अडचण उरत नाही. तो थोडा तिरका धरला गेला तरी सुई मोकळी फिरते. हा पैसा वसूल होतो.

त्याचा खरा शत्रू असतो तुमच्याच अंगावर. पाण्याच्या ब्लॅडरची नळी अडकवायला सॅकच्या छातीपट्ट्यावर छोटं चुंबक असतं, आणि गळ्यात दोरीने लटकवलेला कंपास नेमका तिथेच टेकतो. वायरलेस इयरफोनच्या डबीचं झाकण चुंबकावर बंद होतं. मोबाइलच्या पाकीटवजा कव्हराची खटकीही चुंबकाचीच. पॉवर बँक, मनगटातलं लोखंडी कडं, कमरेचा कोयता हेही आलेच. पावसाळ्यात यात भर पडते छत्रीची. तिच्या पोलादी काड्या नेमक्या डोक्यावर आणि हाताच्या बाजूला येतात. बेअरिंग, म्हणजे कंपासवरून दिशेचा अंश, घेताना छत्री मिटून सोबत्याकडे द्या.

घरी अर्ध्या तासात याची परीक्षा होते. लोखंडी चौकट नसलेल्या लाकडी टेबलावर कंपास ठेवा आणि सुई स्थिर होऊ द्या. मग सॅकमधली एकेक वस्तू मीटरभरावरून कंपासच्या पूर्व किंवा पश्चिम बाजूने हळूहळू जवळ आणा. सुई बाजूच्या ओढीने सर्वांत जास्त वळते, म्हणून उत्तर-दक्षिणेकडून आणू नका. सुई दोन अंश हलली की थांबा आणि अंतर मोजा. वस्तू फिरवून पुन्हा करून बघा, कारण चुंबकाचं कोणतं टोक समोर आहे त्यावर परिणाम ठरतो. मिळालेल्या अंतराच्या दुपटीवर ती वस्तू ठेवायची. अंतर दुप्पट झालं की छोट्या चुंबकाचा परिणाम साधारण आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणून दुप्पट पुरे. मोबाइलसाठी सरसकट अर्धा मीटर धरा: कंपास छातीसमोर, मोबाइल पाठीवरच्या सॅकच्या तळाशी.

मोबाइल

मोबाइलमधला कंपास हा या यादीतला सर्वांत बेभरवशाचा, आणि मोबाइलमधला जीपीएस हा सर्वांत उपयोगी. एकाच यंत्रात दोन्ही असल्याने घोळ होतो. नकाशावरच्या निळ्या ठिपक्याची जागा बरोबर असते, पण त्यातून निघणारा दिशेचा झोत चुंबकमापक ठरवतो. तो चाळीस अंशांनी चुकीकडे वळलेला असला तरी स्क्रीनवर ठामच दिसतो. सुई निदान थरथरते.

आयफोन १२ पासूनच्या बहुतेक आयफोनमध्ये मागच्या बाजूला चुंबकांचं कडं बसवलेलं आहे. कंपनीने त्याचा हिशेब धरलेला असतो, पण वरून लावलेल्या चुंबकाच्या कव्हराचा किंवा पाकिटाचा नाही. म्हणून आधी कव्हर काढा. मग मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात, मनगट वळवत, पाच-सहा वेळा फिरवा. हे गाडीत बसून किंवा लोखंडी रेलिंगपाशी केलंत तर यंत्र तिथलं चुकीचं क्षेत्रच खरं मानून बसतं आणि पुढे मोकळ्यावर चुकतं. ट्रेकच्या सुरुवातीला बसमधून उतरता उतरता बहुतेकांकडून हेच होतं.

याहून चांगला मार्ग म्हणजे झोताकडे बघूच नका. सरळ रेषेत ३०-४० मीटर चाला आणि नकाशावर ठिपका कुठून कुठे सरकला ते बघा. ती दिशा खरी. उभं राहून ही दिशा मिळत नाही, आणि घळीत किंवा कड्याच्या पायथ्याशी उपग्रहांचे संदेश खडकावर आपटून येत असल्याने ठिपकाही उड्या मारतो. तिथे एवढ्या अंतराची चाल पुरत नाही.

घड्याळ

थोडक्यात सांगायचं तर दिशेसाठी घड्याळ विकत घेऊ नका. असेल तर वापरा, पण ज्या हातात कडं असेल त्या हातावर नको. लोखंडी मुठीची काठी धरलेल्या हातावरही नको.

हातातला जीपीएस

पाच-सहा दिवसांच्या वाटेवर याला तोड नाही, कारण दोन एए सेल बदलले की तो पुन्हा तयार. निवडताना लोकांना वाटतं की इलेक्ट्रॉनिक कंपास असलेलं महागडं मॉडेल चांगलं. गार्मिनच्या ई-ट्रेक्स २२-एक्समध्ये तो नाही, ३२-एक्समध्ये आहे. आमचं मत असं की वेगळा प्लेटचा कंपास जवळ असेल, तर तो नसलेलं मॉडेल बरं. ते चालण्यावरूनच दिशा दाखवतं, म्हणून चुंबकाच्या भानगडीत सापडत नाही. कंपास असलेलं घेतलंच, तर सेल बदलल्यावर प्रत्येक वेळी त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे त्याची दिशा पुन्हा जुळवून घ्यावी लागते. सेलचं आवरण पोलादी असतं आणि नव्या जोडीबरोबर आतलं क्षेत्र बदलतं. सेटिंगमधून कंपास बंद करून ठेवण्याचीही सोय आहे, ती वापरा.

उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रं ही वेगळी गोष्ट. भारतात ती परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. परदेशातून येणाऱ्या मित्राला हे आधीच सांगा.

खडकाचा दोष असेल तर

अंगावरचं सगळं दूर ठेवूनही सुई चळत असेल तर पायाखाली बघा. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट हे सुईला ओढणारं लोहखनिज असतं. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलवलं, तेव्हा तिथल्या इमारतीसाठी स्थानिक काळा दगड टाळून पोरबंदरचा दगड वापरला. बारीक मोजमापाला हा कातळ एवढा नडतो.

सपाटीवर सुईला त्याने सहसा फारसा फरक पडत नाही. जिथे वीज पडलेली असते अशा सुळक्यांच्या, शिखरांच्या माथ्यावर पडतो. विजेच्या प्रवाहाने खडक जागच्या जागी तीव्र चुंबक होतो, आणि दोन पावलांवर दिशा बदललेली दिसते. कंपास दगडावर कधीच टेकवू नका, छातीच्या उंचीवर धरा आणि माथ्यावरून दहा-पंधरा मीटर बाजूला व्हा. मसाई पठाराच्या जांभ्याचा तांबडा रंग बघून लोक घाबरतात. त्यात लोह भरपूर आहे, पण ते मुख्यतः हेमॅटाइट आणि गोएथाइटच्या रूपात. ते मॅग्नेटाइटसारखं सुईला ओढत नाही.

बुरुजावरची तोफ, भीमाशंकरच्या शिडी घाटातल्या लोखंडी शिड्या, कळसूबाईचे कठडे यांच्यापाशी बेअरिंग घेऊ नये. तारेच्या कुंपणापासून १० मीटर, गाडीपासून १८ मीटर आणि उच्चदाब वाहिनीपासून ५५ मीटर ही सैन्यात शिकवली जाणारी अंतरं इथेही लागू पडतात. एसी वाहिनीचं क्षेत्र सेकंदाला पन्नास आवर्तनं घेतं, सुई त्यामागे धावू शकत नाही. तिथे नडतो तो पोलादी मनोरा. चंद्रपूर-पडघे ही वाहिनी मात्र डीसी आहे, तिचं क्षेत्र स्थिर असतं, म्हणून तिच्याजवळ अंतर काटेकोर पाळा.

शंका आली तर सर्व्हेवाल्यांची जुनी परीक्षा करा. एकाने जागेवर थांबायचं, दुसऱ्याने धुक्यात दिसेल तितकं, म्हणजे वीसेक मीटर, पुढे जायचं. पहिल्याने दुसऱ्याकडे बेअरिंग घेतलं, समजा ७२ अंश आलं. दुसऱ्याने उलट घेतलं तर २५२ यायला हवं. २५९ आलं तर दोहोंपैकी एक जागा किंवा एक माणूस दोषी आहे. जागा बदला, मग माणसं बदला. एकच माणूस दोन्ही टोकांना जाऊन बेअरिंग घेत असेल, तर त्याच्या अंगावरच्या चुंबकाची चूक फरकात दुप्पट दिसते, म्हणून ती लवकर पकडली जाते.

या परीक्षेत एक दोष सापडत नाही, तो म्हणजे उलटलेली सुई. कंपास रात्रभर मोबाइलच्या किंवा स्पीकरच्या चुंबकाला चिकटून राहिला, तर लाल टोक दक्षिण दाखवू लागतं, आणि दोन्ही बेअरिंग १८० अंशांनी चुकली तरी त्यांच्यातला फरक बरोबरच येतो. तिथे सूर्य हवा, तोही सकाळचा. जुलैच्या मध्याला पन्हाळ्यावर तो सुमारे ६७ अंशांवर, पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो. ‘दुपारचा सूर्य दक्षिणेला’ हा परदेशी नियम इथे मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत उलटा पडतो. त्या दिवसांत माध्यान्हीची सावलीच दक्षिणेला पडते.

उलटलेली सुई घरी दुरुस्त होते. दोऱ्याला मोकळा टांगलेला चुंबक स्थिर झाला की जे टोक दक्षिणेकडे राहतं ते त्याचं दक्षिण टोक. कंपास तिरपा करून सुई डबीच्या तळाला अडकवा, म्हणजे ती फिरून पळणार नाही. मग ते दक्षिण टोक डबीवरून सुईच्या पांढऱ्या टोकापासून लाल टोकाकडे ओढा, शेवटी वर उचलून दूर न्या आणि पुन्हा पांढऱ्याकडून सुरुवात करा. पाच-सहा वेळा पुरतं. त्यानंतर सुई आळसावून फिरत असेल, तर तो कंपास वाटेवर नेऊ नका, नवा घ्या.

दोन-तीन दिवसांच्या वाटेला ग्लोबल सुईचा प्लेट कंपास आणि नकाशे आधीच उतरवून ठेवलेला मोबाइल एवढं बास. मोबाइलचा उपयोग जागा कळण्यापुरता. आठवडाभराची वाट असेल तर मोबाइलच्या जागी सेलवर चालणारा जीपीएस घ्या, आणि कंपास दोन घ्या. दुसरा सोबत्याच्या सॅकमध्ये, पॉवर बँकेपासून लांबच्या कप्प्यात.