आहे त्याच सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स: पावसाळा ते मार्च एंड वापरल्यावर

अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात सर्व्हर रूम म्हणजे एसी लावलेली छोटी खोली. आणखी मशीन ठेवायला जागा नाही. डिसेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरची, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, तेव्हा पर्याय शोधायला लागलो आणि हाताशी होते त्या तीन सर्व्हरवर तेच काम करणारं प्रॉक्समॉक्स ८ चढवलं. डेबियन लिनक्सवर आधारलेलं, ओपन सोर्स, आत व्हीएम चालवायला लिनक्सचंच केव्हीएम.

जुन्या व्हीएम हलवणं सोपं गेलं. ८.२ पासून ईएसएक्सआयवरून (सर्व्हरवर चालणारं व्हीएमवेअर) थेट इम्पोर्ट करता येतं. विंडोजमध्ये तेवढे व्हर्टआयओ, म्हणजे आभासी डिस्क आणि नेटवर्कचे, ड्रायव्हर आधीच टाकून ठेवा.

खरा फायदा झाला तो व्हीएमना रिसोर्स मोजून दिल्याने. व्हीएम मागताना जो तो म्हणतो, ‘आठ कोअर देऊन ठेवा ना, नंतर कटकट नको.’ अकाउंट्सच्या व्हीएमचा ग्राफ उघडला, ॲव्हरेज सोडून मॅक्सिमम लावला, तर महिनाअखेरीलाही दोन कोअरचंच काम दिसत होतं. चार ठेवले. कुणाचीही तक्रार आली नाही, उलट शेजारच्या डेटाबेसला सीपीयूसाठी थांबावं लागेनासं झालं. सीपीयू वाटून घेता येतो, रॅमचं तसं नाही. ती भरली की लिनक्स सरळ एखादी व्हीएम मारतो. त्यात डिस्क सांभाळणाऱ्या झेडएफएस फाइल सिस्टिमची रॅममधली कॅश वेगळी. ८.१ पासून नव्या इन्स्टॉलला ती एकूण रॅमच्या १० टक्क्यांवर, जास्तीत जास्त १६ जीबीवर थांबते. आधीच्या इन्स्टॉलवर ती निम्म्यापर्यंत जाऊ शकते, तिथे मर्यादा स्वतः घाला.

माझा हिशेब एकच: एक सर्व्हर बंद पडला तरी उरलेल्या दोघांत सगळं मावलं पाहिजे. म्हणून रॅम कधीच पूर्ण वाटत नाही. कोरमसाठी, म्हणजे एखादा सर्व्हर पडल्यावरही उरलेल्यांचं बहुमत राहावं म्हणून, मतंही तीन लागतात. सर्व्हर दोनच असतील तर तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस, म्हणजे फक्त मत देणारं वेगळं छोटं मशीन, लावा.

व्हीएमच्या डिस्कच्या सेटिंगमध्ये ‘डिस्कार्ड’ची टिक जरूर द्या. नाहीतर व्हीएममध्ये फाइली उडवल्या तरी स्टोरेजवर जागा मोकळी होत नाही.

प्रॉक्समॉक्सचं वेगळं बॅकअप सॉफ्टवेअर, प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, मला मनापासून आवडला. सारखे ब्लॉक एकदाच साठवतो, चालू व्हीएमचे फक्त बदललेले भाग वाचतो. व्हीएम पूर्ण बंद करून सुरू केली की मात्र पुढच्या बॅकअपला अख्खी डिस्क वाचली जाते. त्यामुळे रात्री उशिरा कुणी शटडाउन घेतला तर त्या दिवशी बॅकअपला वेळ लागणार, हे धरून चला.

उणिवाही आहेत. ८ मालिकेत भार वाढला म्हणून चालू व्हीएम आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर जात नाहीत, हातानेच हलवाव्या लागतात. सर्व्हर वेगवेगळ्या पिढीचे असतील तर व्हीएमचा सीपीयू टाइप ‘होस्ट’ (खरा सीपीयू जसाच्या तसा दाखवणारा) ठेवू नका, लाइव्ह मायग्रेशनमध्ये, म्हणजे चालू असतानाच हलवताना, व्हीएम कोसळू शकते. आणि प्रॉक्समॉक्स कंपनीचा सपोर्ट ऑस्ट्रियातल्या कामाच्या दिवसांपुरता आहे. रात्रीबेरात्री फोन उचलणारं कुणी हवं असेल, तर इथलाच एखादा पार्टनर गाठून ठेवा.