झुलू की ओम्दुरमान? व्हिक्टोरियन युद्धचित्राचं पान घेताना

जुन्या ब्रिटिश साप्ताहिकांचे बांधीव खंड उसवून त्यांची सुटी पानं विकली जातात. त्यात आफ्रिकेतल्या लढाया हमखास असतात. एकच पान घ्यायचं तर माझ्या मते निवड दोहोंत करावी: १८७९ च्या, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांशी झालेल्या युद्धाचं लाकडी ठशाचं पान, किंवा १८९८ च्या, सुदानमधल्या ओम्दुरमानच्या लढाईचं हाफटोन (ठिपक्यांतून छटा दाखवणाऱ्या छपाईचं) पान.

झुलू युद्धात 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'तर्फे चित्रकार मेल्टन प्रायर होता, 'द ग्राफिक'तर्फे चार्ल्स फ्रिप. त्यांची घाईतली रेखाटनं बोटीने लंडनला जायची. तिथे दुसराच चित्रकार ती नीटनेटकी करायचा आणि मग कोरक्यांच्या हाती द्यायचा. बॉक्सवुडचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे बोल्टने जोडलेले असायचे. घाई असली की ते सुटे करून एकेक कारागिराला वाटून द्यायचे. कोरून झालं की पुन्हा जोडायचे. भिंग धरलंत तर काही पानांवर सांध्याची बारीक पांढरी रेघ आजही सापडते. मला ती चित्राइतकीच आवडते.

मात्र फसगत इथेही आहे. २२ जानेवारीला इसांडलवानाला झुलूंनी इंग्रजांची छावणी बुडवली, तेव्हा प्रायर किंवा फ्रिप तिथे नव्हते. ११ फेब्रुवारीला बातमी लंडनला पोचली आणि ऐकीव माहितीवर चित्रं रंगली. याउलट मे महिन्यात प्रायर त्या मैदानावर स्वतः गेला. मोडक्या गाड्या आणि विखुरलेली हाडं त्याने पाहून काढली. तलवारी उगारलेल्या वीरांपेक्षा ते उजाड पान घ्या.

ओम्दुरमानच्या पानांवर रेघांऐवजी ठिपके दिसतात. छटा मऊ, चेहरे उठावदार, फ्रेममध्ये पान लगेच नजरेत भरतं. फोटोसारखं दिसतं म्हणून खरं वाटतं, अडचण तीच. बऱ्याचदा ते मुळात ब्रशने रंगवलेलं चित्रच असतं. २ सप्टेंबरला सुदानी सत्ताधारी खलिफाच्या बाजूचे सुमारे १०,००० पडले, ब्रिटिश सेनापती किचनरच्या फौजेचे पन्नासच्या आसपास. हा संहार मॅक्सिम मशीनगन, तोफा आणि रायफलींनी लांबूनच केला. पण चित्रकारांची आवड २१ व्या लान्सर्स या ब्रिटिश घोडदळाच्या घोडदौडीवर, जी लढाईचा एक छोटा भाग होती. फ्रेडरिक विलियर्स या युद्धचित्रकाराने तर सिनेमाचा कॅमेराही नेला होता. त्यातून हाती काही लागलं नाही.

म्हणून कारागिरी हवी असेल तर १८७९ घ्या. साम्राज्याने स्वतःची प्रतिमा कशी रंगवली हे दाखवायचं असेल, तर १८९८. कोणतंही घेताना चित्राखालची ओळ वाचा: 'अमुकच्या रेखाटनावरून तमुकने काढलेलं' असं असेल तर दोन हात मध्ये आहेत हे समजून किंमत करा. रंगीत प्रतीला जास्त पैसे देऊ नका. ही पानं सहसा काळ्या शाईत छापलेली, रंग मागाहून कुणीतरी भरलेला. दुपानी चित्राला मधोमध घडी असणारच, तिच्यावरून घासाघीस जरूर करा.

मुंबईकराला तिसराही पर्याय आहे. १८६८ ची इथिओपियातल्या मॅग्डालाची मोहीम ब्रिटिश सेनापती नेपियरने मुंबईहून नेली, ४४ हत्तींसह, आणि विल्यम सिम्पसन 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'साठी तिकडे चित्रं काढायला गेला होता. हत्तींचं पान समोर आलं, तर वरचा सगळा हिशेब मी बाजूला ठेवीन.