आगगाडीचे टेबल, किल्ल्याचे टेबल, अभ्यासाचे टेबल: सात वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

ठाण्यात नौपाड्यातील एका लहानशा फर्निचरच्या दुकानातून आम्ही २०१८ च्या दिवाळीआधी मुलीसाठी खेळाचे टेबल घेतले. ती तेव्हा अडीच वर्षांची होती आणि लाकडी आगगाडीखेरीज तिला दुसरे काही सुचत नव्हते. आज ती नऊ वर्षांची आहे आणि त्याच टेबलावर बसून भूगोलाचे नकाशे रंगवते. मधल्या काळात टेबलाने चार वेगवेगळी कामे केली. त्यांतील दोन उत्तम झाली, एक बरे झाले आणि एकाने टेबलाचा एक कोपरा कायमचा फुगवून ठेवला. या परीक्षणात टेबलाबरोबरच गेल्या वर्षी ज्या सुताराने त्याला नवे रूप दिले, त्याच्या कामाचाही विचार केला आहे.

टेबलाची लांबी ९० सेंमी, रुंदी ६० सेंमी आणि उंची ४५ सेंमी होती. वर फिकट रंगाची सनमाइका आणि चारही बाजूंनी ३ सेंमी उंच काठ होता. रबरवूडच्या चार पायांच्या डोक्यात बोल्ट बसवलेले होते आणि ते फळीखालच्या लोखंडी पट्ट्यांत फिरवून आवळायचे होते. किंमत ६,८०० रुपये पडली. दुकानदाराने ‘पक्के प्लाय आहे, काळजीच करू नका’ असे सांगितले होते. ते प्लाय नव्हते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आगगाडीसाठी हे टेबल अगदी योग्य होते. लाकडी रुळांची आठ वळणे जोडली की एक पूर्ण वर्तुळ होते. ते या रुंदीत आरामात मावत असे आणि उरलेल्या लांबीत एक स्थानक, एक पूल व पत्र्याच्या डब्याचे कारशेडही बसत असे. काठामुळे डबे जमिनीवर पडत नसत. खरेदीच्या वेळी मला सर्वांत आवडली होती ती हीच गोष्ट, आणि पुढे टेबलाचा उपयोग बदलताना सर्वांत आडवी आली तीही हीच.

२०२० मध्ये शाळा घरात आली तेव्हा हेच टेबल तिचा वर्ग झाले. आगगाडी खोक्यात गेली आणि तिच्या जागी जोडठोकळे आले. ठोकळ्यांचे तळपाट (ज्यांवर ठोकळे बसवतात त्या चौकोनी पाट्या) टेबलावर चिकटवण्याचा विचार असेल त्यांच्यासाठी इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण माप आधी न घेतल्यामुळे आमचा पहिला प्रयत्न वाया गेला. लेगोच्या ठोकळ्यांवरील दोन गाठींमधील, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांमधील, अंतर ८ मिमी असते, त्यामुळे ३२ गाठींचा तळपाट २५.६ सेंमी भरतो. काठांची जाडी वजा जाता आमच्या टेबलाची आतली जागा ८६.४ बाय ५६.४ सेंमी उरत होती. तिच्यात लांबीला तीन आणि रुंदीला दोन असे सहा तळपाट बसले आणि एका टोकाला साधारण ९.६ सेंमी रुंदीची मोकळी पट्टी राहिली. सुटे ठोकळे ठेवण्यासाठी त्या पट्टीचा इतका उपयोग झाला की पुन्हा करायचे झाल्यास ती मी मुद्दाम सोडेन.

तळपाट एकेक करून चिकटवू नयेत. आधी त्यांच्या सांध्यांवर ठोकळे बसवून सर्व पाट एकमेकांना जोडून घ्यावेत, मग सगळे एकदम खाली बसवावेत. असे केले नाही तर दोन पाटांमध्ये एखाद्या मिलिमीटरचा फरक राहतो आणि सांध्यावर एकही ठोकळा बसत नाही. आम्ही दुहेरी चिकटपट्टी वापरली होती, फेविकॉल नव्हे, म्हणून दोन वर्षांनी पाट निघाले. मागे राहिलेला चिकटा खोबरेल तेल लावून तासभर ठेवल्यावर फडक्याने पुसून गेला.

आता किल्ल्याविषयी. २०२२ च्या दिवाळीत सोसायटीने जिन्याखाली माती आणायला मनाई केली, तेव्हा मुलीने किल्ला गॅलरीत टेबलावर करायचे ठरवले आणि मी, थोडा विचार करायला हवा होता तो न करता, होकार दिला. काठ आहे म्हणजे माती सांडणार नाही, एवढेच माझ्या डोक्यात होते. विटांचे तुकडे रचून त्यांवर लाल मातीच्या चिखलात बुडवलेले गोणपाट पसरले, अळीव पेरले आणि रोज सकाळी पाणी शिंपडले. चौथ्या दिवशी बुरुजाच्या उतारावर हिरवळ आली, तिच्यात मावळे उभे राहिले आणि इमारतीतील मुले रांगेने बघून गेली. खाली प्लॅस्टिक अंथरलेले होते, पण ते काठावर चढवलेले नव्हते. त्यामुळे पाणी प्लॅस्टिकच्या कडेवरून काठ आणि फळी यांच्या सांध्यात उतरत राहिले. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला तेव्हा एक कोपरा जवळजवळ २ मिमी वर आलेला होता. त्या कोपऱ्याजवळ ठेवलेली पेन्सिल आजही आपोआप घरंगळत येते.

या नुकसानीत माझा दोष आहेच. तरीही प्लाय असते तर एवढे झाले नसते, आणि इथे सुताराचा संबंध येतो. मुलीची उंची १३१ सेंमी झाली होती आणि ४५ सेंमीच्या टेबलावर ती पाठीची कमान करून लिहीत होती. नवे टेबल घेण्यासाठी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जावे, असा एक विचार होता. पण शेजाऱ्यांनी कोलशेतच्या एका सुताराचे नाव सुचवले आणि आम्ही त्याला बोलावले. त्याने टेबल उलटे केले, पायाजवळ ड्रिलने एक लहान भोक पाडले आणि बाहेर आलेला भुगा चिमटीत घेऊन माझ्यासमोर धरला. ‘ताई, हे बघा, मैद्यासारखं निघतंय. प्लाय असतं तर थरांची साल निघाली असती. हे एमडीएफ आहे, म्हणून फुगलं.’ एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक भुसा चिकटवून, दाबून केलेली फळी. तो भुगा खरोखरच चाळलेल्या पिठासारखा होता. दुकानात फळीची कापलेली कड कुठेही दिसत नव्हती, सगळीकडे पट्टी चिकटवलेली होती. आता मी अशी कुठलीही वस्तू घेताना आधी खालची बाजू बघते आणि पाण्याचा संबंध येणार असेल तर प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का आहे का ते विचारते.

उंची किती ठेवावी, याबद्दल युरोपातील शालेय फर्निचरचे प्रमाण मला उपयोगी पडले. त्यात ११९ ते १४२ सेंमी उंचीच्या मुलांसाठी टेबल ५९ सेंमी आणि खुर्चीची बैठक ३५ सेंमी सांगितली आहे. सुताराने जुने पाय फिरवून काढले आणि हार्डवेअरच्या दुकानातून त्याच आट्यांचे लांब पाय आणून बसवले. पाय बोल्टचे होते म्हणूनच हे काम शक्य झाले. ठोकून चिकटवलेले असते तर टेबल भंगारात गेले असते. उंची वाढल्यावर टेबल डुलू लागले, म्हणून त्याने फळीखाली १२ मिमी प्लाय लावून त्याला चौकट दिली, कारण एमडीएफच्या कडेत स्क्रू धरत नाही आणि जोर दिला की ती चिरते. शेवटी काठ काढले. त्यांवर हात टेकवून लिहिताना मनगटाच्या खाली लाल वळ उठत असे, त्यामुळे ते जाणे आवश्यक होते. मात्र ते फेविकॉल आणि खिळे या दोन्हींनी बसवलेले असल्यामुळे निघताना सनमाइकेचे दोन टवके गेले. नवी कडपट्टी लावून ते बरेचसे झाकले गेले आहेत.

सामानासह ३,२०० रुपये झाले. सुतार सांगितलेल्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला, पण काम एका दुपारीत संपवले आणि भुसा स्वतः झाडून नेला. पुट्टीने भरलेल्या खिळ्यांच्या भोकांचा रंग मात्र सनमाइकेशी जुळलेला नाही आणि मी ते दाखवल्यावर त्याने ‘दोन महिन्यांत मिसळून जाईल’ असे उत्तर दिले. वर्ष होत आले तरी तसे झालेले नाही.

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी टेबल बघत असाल, तर काठ स्क्रूने बसवलेला आणि निघण्यासारखा असावा, पाय बोल्टचे असावेत आणि वरची फळी खरोखर प्लायची असावी. टेबलावर छापलेले रस्ते, रूळ किंवा प्राण्यांची चित्रे यांसाठी जास्त पैसे देऊ नयेत. आमच्या दुकानात तसेही एक टेबल होते, ९०० रुपयांनी महाग, आणि मी ते जवळजवळ घेतलेच होते. काढलेले चार काठ मुलीने टाकू दिले नाहीत. त्यांतला एक सध्या तिच्या पुस्तकांच्या रांगेला टेकण म्हणून उभा आहे आणि बाकीचे तीन पुढच्या किल्ल्याच्या तटबंदीसाठी पलंगाखाली ठेवले आहेत. तो किल्ला जमिनीवर होणार आहे.