आधी ताट बदलावं की आधी घड्याळ?

रिपोर्टमध्ये साखर किंवा बीपी जरा वर निघालं, की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत दोन तऱ्हेचे सल्ले लगेच सुरू होतात. कोणी म्हणतं, शेवभाजी बंद, तेल अर्धं, साखर कमी. कोणी म्हणतं, खाणं राहू दे, आधी रात्री बारा-बारापर्यंत जागणं सोड. दोघांचंही बरोबर असतं. अडचण अशी की बहुतेक जण सोमवारी दोन्ही एकदम धरतात आणि पुढच्या लग्नाच्या पंगतीत दोन्ही एकदम सोडतात. त्यामुळे प्रश्न खाणं महत्त्वाचं की झोप, हा नाही. आधी कशाला हात घालायचा, हा आहे.

माझं मत आधीच सांगतो. ज्यांच्या कामाचे तास दिवसाचे आणि ठरलेले आहेत, म्हणजे दुकानदार, शिक्षक, ऑफिसातली माणसं, घर सांभाळणाऱ्या बायका, त्यांनी घड्याळापासून सुरुवात करावी. त्यातही रात्रीच्या जेवणाच्या वेळेपासून. ज्यांची पाळी बदलते त्यांनी ताटापासून. दोन्ही बाजू पाहिल्या की हे मत का बनलं ते कळेल, आणि तुमच्या घराला ते लागू पडतं का तेही ठरवता येईल.

ताटापासून सुरुवात केली तर

खान्देशी जेवण झणझणीत म्हणून तब्येतीला वाईट, हा समज मला मुळीच पटत नाही. आपलं रोजचं घरचं जेवण बऱ्याच अंशी चांगलं आहे. कळण्याची भाकरीच घ्या. ज्वारीत सालासकट काळे उडीद दळायचे, थोडं मीठ, झालं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत जे कमी पडतं ते धान्य पुरवतं. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला साधारण दहा ग्रॅम प्रथिनं असतात, उडदात त्याच्या दुपटीहून जास्त. पौष्टिकतेच्या नावाखाली बाजारात महाग पीठं विकली जातात, त्यांच्या तोडीचं काम आपल्या गिरणीत कधीपासून होत आलंय.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि त्यानंतर ‘पोळी सोडा, भाकरी खा, वजन उतरेल’ असं सरसकट सांगितलं जाऊ लागलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची जी कोष्टकं काढली, त्यांत ज्वारी आणि न चाळलेलं गव्हाचं पीठ यांत तंतूंचं प्रमाण जवळजवळ सारखं आहे, शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम. फरक पडतो तो आपण गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देतो तेव्हा. म्हणजे घरात कोणाला भाकरी जमत नसेल तर कोंड्यासकट पीठाची पोळी चालेल. भाकरीचा खरा फायदा वेगळा आहे: ती सावकाश चावावी लागते आणि दोन भाकरींत पोट भरल्याचं कळतं. पोळ्या गप्पांच्या नादात पाच-सहा सहज जातात. ज्यांना गव्हातलं ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी मात्र ज्वारी हाच सरळ पर्याय.

मग ताटात बिघडतं कुठे? तेलात, मिठात आणि भाजीच्या तुटवड्यात. मे 2024 मध्ये आलेल्या याच संस्थेच्या आहार-मार्गदर्शनात दिवसाला 2000 कॅलरींच्या ताटासाठी वरून घालायचं तेल-तूप सुमारे 27 ग्रॅम धरलं आहे, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. चौघांच्या घरात हे महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास जातं. त्यामुळे मोजमापाच्या भानगडीत न पडता किराण्याची यादी काढा. पंधरा किलोचा डबा चौघांना चार-साडेचार महिने पुरायला हवा. तो दोन महिन्यांत तळ गाठत असेल तर सुधारणा कुठे करायची हे ॲप न लावता कळलं. मिठाचंही तसंच. माणशी दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे चौघांत एक किलोचा पुडा पन्नास दिवस. आणि त्यात पापड, बिबडे, लोणचं, शेव यांतलं मीठही आलं.

शेवभाजीबद्दल बोलायलाच हवं. बेसन तेलात तळायचं, आणि ते पुन्हा तर्रीत सोडायचं. हॉटेलातल्या एका वाटीत दिवसाचं तेल सहज संपू शकतं. तिच्याशेजारी फुणके-कढी ठेवून पाहा. भिजवलेली डाळ भरड वाटून, कांदा-लसूण-कोथिंबीर घालून वाफवायची. तळण नाहीच, प्रथिनं भरपूर, आणि वर ताकाची कढी. चवीला कुठे कमी नाही. आठवड्यात दोनदा शेवभाजी होत असेल तर एकदा फुणके करा. एवढ्या एका बदलाने ताट बरंच सुधारतं आणि कोणाला आपण पथ्यावर आहोत असं वाटत नाही. भरिताचं तर कौतुकच करावं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या त्या वांग्याला स्वतःचं तेल नसतं, जे असतं ते आपण फोडणीत ओततो. फोडणी निम्मी केली तरी भाजल्याचा वास जात नाही, उलट जास्त कळतो.

भाजी कमी पडते ती मुख्यतः उन्हाळ्यात. दिवसाला माणशी 400 ग्रॅम भाजी आणि 100 ग्रॅम फळ असं ते मार्गदर्शन सांगतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत पालेभाजी महाग होते, लगेच सुकते. तेव्हा गिलके, गवार, डांगर, काकडी, कांदा यांवर भागवावं. फळाची तक्रार निदान आपण करू नये. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी पिकते, दारात मिळते, आणि तरी पाहुण्यांपुढे बिस्किटाचा पुडा ठेवला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ताट बदलण्याची खरी किंमत पैशांत नसते. ती स्वयंपाक करणारीच्या अंगावर पडते. एकाला कमी तेलाची भाजी, मुलांना वेगळी, सासऱ्यांना मऊ भाकरी, आणि हे सगळं सकाळी डब्यांच्या घाईत. ज्या घरात ‘माझं डाएट सुरू झालंय’ याचा अर्थ ‘तू दोन स्वयंपाक कर’ असा होतो, तिथे ते टिकत नाही आणि टिकूही नये. सगळ्यांचं ताट एकच ठेवून तेल हळूहळू उतरवणं, हाच न्याय्य मार्ग.

घड्याळापासून सुरुवात केली तर

इथे नवं काही विकत आणायचं नाही, वेगळं काही शिजवायचं नाही. तेच जेवण आधी जेवायचं, तेवढंच.

बाजारपेठेतलं दुकान नऊ-साडेनऊला बंद होतं, घरी येऊन हातपाय धुऊन ताटावर बसायला दहा वाजतात, मग मोबाइल, आणि साडेअकराला पाठ टेकवायची. शरीराला हे जड जातं. एकच जेवण सकाळी घेतलं तर रक्तातली साखर जितकी चढते, त्यापेक्षा रात्री जास्त चढते, कारण संध्याकाळनंतर इन्सुलिनचं काम मंदावतं. शरीरातल्या पेशींना स्वतःचं घड्याळ असतं. ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. शिवाय भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर येतं, छातीत जळजळतं, झोप तुटते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर सांगतात ते म्हणूनच.

आणि मला घड्याळाकडे झुकवणारं मुख्य कारण हे: झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन कमी होतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. मन गोड-तळलेल्याकडेच ओढ घेतं. पाच तास झोपलेल्या माणसाने कचोरीच्या गाडीसमोरून मनावर ताबा ठेवून जावं, अशी अपेक्षा आपण करतो. त्यापेक्षा त्याला सात तास झोपू द्यावं; ताटातली निम्मी लढाई तिथे सोपी होते. उलट दिशेने हे तितकंसं घडत नाही. फुणके खाल्ले म्हणून बारा वाजताचा मोबाइल सुटत नाही.

वेळ एकदम दोन तास मागे आणू नका. आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं पुरेत. दुकानामुळे साडेनऊच्या आधी घरी येणंच शक्य नसेल तर जेवण दोन भागांत करा: सातला दुकानातच डब्यातली भाकरी-भाजी, घरी आल्यावर फक्त वाटीभर वरण किंवा ताक. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली तर साखर कमी चढते. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच हवी, रविवारीही. झोपायची वेळ ठरवून झोप येत नाही. उठायची वेळ पक्की केली की काही दिवसांत झोपेची वेळ आपोआप मागे येते.

चहाचा हिशेबही मांडून पाहावा. चहातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन अकरा वाजता अंगातच असतं. दुपारी तीन-चारनंतर चहा न घेणं, हा झोपेसाठीचा सगळ्यात स्वस्त उपाय. दुपारची झोप मे महिन्यात टाळा असं मी म्हणणार नाही, बाहेर 44-45 अंश असताना दुसरं करणार काय? पण ती वीस-तीस मिनिटांची आणि तीनच्या आत असावी. दीड तास झोपलं की जडपणाने जाग येते आणि रात्रीची झोप उडते.

घड्याळाच्या बाजूची कमजोरी आपल्या उन्हाळ्यात आहे, आणि ती खरी आहे. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात जाड माती ऊन अडवायची. स्लॅबचं घर दिवसभर तापतं आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतं. गच्चीला मार्चअखेर पांढरा चुना मारला तर खालच्या खोलीत फरक जाणवतो. कूलर लावताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा; बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. जून-जुलैत हवा ओलसर झाली की कूलरचा उपयोग घटतो, तेव्हा पंखाच बरा. गच्चीवर झोपत असाल तर मच्छरदाणी हवी. एवढं करूनही मे महिन्यातल्या काही रात्री वाईट जाणारच, म्हणून घड्याळाचा बदल उन्हाळ्यात सुरू करू नये. दिवाळीनंतर करावा, तेव्हा हवाही साथ देते.

ज्यांच्या हातात घड्याळच नाही

भुसावळला रेल्वेची रनिंग ड्युटी करणारे, दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर जाणारे, जळगाव एमआयडीसीतल्या चटई आणि पाइपच्या कारखान्यांतले कामगार, आणि रात्रीच्या पाळीची वीज आली की मोटार चालू करायला वावरात जाणारा शेतकरी. यांना ‘दहाला झोपा’ सांगणं म्हणजे त्यांच्या कष्टांकडे न पाहणं. त्यांनी ताटच धरावं.

मुख्य जेवण कामावर जाण्याआधी करा. मध्यरात्रीनंतर भरपेट जेवण टाळा, त्या वेळी पोटाचं काम सगळ्यात मंद असतं. भूक लागली तर केळं, मूठभर भाजलेले शेंगदाणे, मुरमुरे, ताक. चहा पाळीच्या पहिल्या निम्म्या भागातच. घरी आल्यावर हलकं खाऊन खिडकीला जाड गोधडी लावून अंधारात झोपा, आणि घरच्यांनी त्या चार-पाच तासांत त्यांना गॅसच्या टाकीसाठी किंवा पार्सलसाठी उठवू नये. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाळायचा एकच नियम सांगायचा असेल तर मी हाच सांगेन.

लग्नसराई आणि आखाजी

दोन्ही वाटांची कसोटी इथे लागते. आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची पुरणपोळी-आमरस आणि पंगतीतली वरण-बट्टी मी कोणाला सोडायला सांगणार नाही. पण जेवण दुपारचं असेल तर पोटभर जेवा आणि रात्री ताकावर भागवा. रात्रीच्या रिसेप्शनला घरून आठ वाजता थोडं खाऊन निघा. ताट सांभाळणाऱ्याला सणाच्या दिवशी नाही म्हणावं लागतं आणि यजमानाला वाईट वाटतं. घड्याळ सांभाळणारा सगळं चाखून लवकर निघू शकतो. निवड करताना हेही लक्षात घ्या.

दहावी-बारावीच्या मुलांबाबत एवढंच, की त्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी सहाची शिकवणी लावायची असेल तर रात्री साडेनऊला दिवा बंद करायची जबाबदारीही घरच्यांनी घ्यावी, नाहीतर शिकवणीची वेळ बदलावी.

दोन प्रकारच्या माणसांनी मात्र या लेखावरून स्वतः ठरवू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ आणि जेवणाचं प्रमाण दोन्ही डॉक्टरांना विचारूनच बदला, कारण औषध तेच आणि जेवण मागे-पुढे झालं तर साखर अचानक उतरू शकते. आणि जो माणूस मोठ्याने घोरतो, घोरता घोरता श्वास थांबून दचकतो, सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो, त्याला झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो. त्याची तपासणी होते, उपचार होतो. ‘आमच्यात सगळेच घोरतात’ म्हणून तो विषय सोडून देऊ नका. तपासणीला जाताना रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. श्वास किती वेळा थांबतो हे घोरणाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त माहीत असतं.