अनोळखी माणसाची जुनी चेनसॉ घ्यावी, की फिटरकडची?

पावसाळ्याच्या तोंडावर आतेभावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. नारिंगी चेनसॉ, खाली चकचकीत लादी, मागे कुणाच्या तरी घरचा सोफा. "आठ हजार सांगतोय, साडेसातला देईल. एकदाच वापरलीय म्हणे. घेऊ का रे दादा?"

त्याची दापोलीकडे दीड एकर कलमं आणि काजू. वर्षाकाठी आठ-दहा दिवसांचं काम: मोडलेल्या फांद्या, एखादं वाळलेलं झाड, जळाऊ लाकूड. बऱ्याच बागायतदारांची गरज एवढीच असते, म्हणून त्याच्यासाठी जे पर्याय तोलून पाहिले तेच इथे मांडतो.

आधी फोटो मोठा करून पाहिला. चेनचे दात निम्म्यावर आले होते. गोल कानशीने पुन्हा पुन्हा धार लावली की दात मागे मागे जाऊन आखूड होतो. एकदाच वापरलेल्या मशीनचे दात असे होत नाहीत. पण खोटं बोलला म्हणून मशीन वाईटच असं नाही. चेन काय, नवी मिळते. खरी भीती फोटोत न दिसणारी आहे, ती म्हणजे आधीच्या मालकाने पेट्रोलमध्ये ऑईल किती घातलं.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. मोटारसायकलसारखं त्याच्या पोटात वेगळं ऑईल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळाल तेच बोर-पिस्टनला (इंजिनाची नळी आणि तिच्यात वर-खाली होणारा दट्ट्या) मिळतं. कंपनीचं चांगलं ऑईल असेल तर पन्नासास एक, म्हणजे लिटरला 20 मिली. दुसरं कुठलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑईल वापरायचं तर चेनसॉ बनवणारी स्टिल कंपनी स्वतःच्या मशीनसाठी पंचवीसास एक सांगते, म्हणजे लिटरला 40 मिली. घाईगर्दीत कुणी एक टाकी नुसतं पेट्रोल भरून चालवली तरी पिस्टनवर उभे ओरखडे पडतात. गंमत अशी की असं मशीन लगेच मरत नाही. थंड असताना सुरू होतं, पाच मिनिटं छान गुरगुरतं, व्हिडिओ झकास येतो. गरम झाल्यावर बंद केलं की पुन्हा सुरू करायची दोरी ओढून हात दुखतात.

आमच्याकडे याला इतिहासही आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागात आंबा, नारळ, सुपारी आडवी झाली. रस्ता मोकळा करायला, घरावरचं झाड काढायला जो तो कटर शोधत होता. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. जन्मात टू-स्ट्रोकला हात न लावलेल्या माणसांनीही त्या काळात मशीन चालवली, आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा? पण "फारशी न वापरलेली" म्हणून आज जुन्या मालाच्या ॲपवर दिसणाऱ्या मशीनमध्ये त्यावेळचीही काही असणार, असा माझा अंदाज आहे. वापर थोडा, पण तो सगळ्यात वाईट वापर.

अनोळखी विक्रेता आणि गावातला फिटर यांच्यातला फरक इथे पडतो. चेनसॉचा सायलेन्सर दोन-तीन स्क्रूंवर असतो. तो काढून टॉर्च मारली की आतला पिस्टन दिसतो. हायवेवरच्या हॉटेलबाहेर मोटारीच्या डिकीत मशीन दाखवणारा माणूस तुम्हाला सायलेन्सर उघडू देत नाही. "चालू होतंय ना, मग?" एवढंच म्हणतो. पंप आणि फवारणी यंत्रं दुरुस्त करणारा फिटर न सांगता उघडून दाखवतो, कारण उद्या तुम्ही त्याच्याच दारात उभे राहणार असता. तो हजार-दीड हजार जास्त घेतो, आणि ते त्याच दाराचे.

तरीही अनोळखी माणसाकडे जाणारच असाल, तर निदान एवढं करा. आधी सायलेन्सरला हात लावून बघा. गरम लागला तर तुम्ही यायच्या आधी गडी दोरी ओढ-ओढ ओढून बसलाय. मग मशीन बंद ठेवून दोरीची मूठ धरा आणि मशीन लोंबकळू द्या. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, चांगलं असेल तर ते अडखळत, हिसके देत खाली येतं. रहाटावरून सुटलेल्या कळशीसारखं सरळ गेलं तर घरी निघा. (दोरी हलकी जावी म्हणून आत स्प्रिंग बसवलेली काही मॉडेलं आहेत, त्यांना ही परीक्षा लावू नका.) सुरू केल्यावर रेस सोडलेली असताना चेन फिरता कामा नये. मग रेस देऊन बारचं (चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचं) टोक पांढऱ्या पुठ्ठ्यावर, न टेकवता धरा. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

आणि ब्रेक. पुढच्या मुठीसमोरचा तो काळा गार्ड हात वाचवायला लावलाय असं पुष्कळांना वाटतं. तो चेनचा ब्रेकही आहे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून चेहऱ्याकडे येतं, आणि चेन सेकंदाला वीसेक मीटर पळत असते. त्या क्षणी मनगट गार्डवर आदळून किंवा झटक्यानेच ब्रेक लागायला हवा. रेस देऊन मनगटाने गार्ड पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. जुन्या मशीनचा गार्ड तुटलेला किंवा "मध्ये येतो" म्हणून काढून टाकलेला मी कितीदा पाहिलाय. असं मशीन फुकट मिळालं तरी मी घेणार नाही.

नकली मालाचं थोडक्यात. स्टिलच्या एमएस 180 चं इंजिन 31.8 सीसीचं असतं. तेच नाव चिकटवून कुणी "58 सीसी, 22 इंच बार" विकत असेल तर स्टिकरवर विश्वास ठेवायचं कारण नाही. बॉडीवर कोरलेला नंबर बघा, त्याचा फोटो मागवून डीलरला दाखवा. नंबर घासून काढलेला असेल तर प्रकरण वेगळंच. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसा संशय यायला जागा असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. साडेसात हजारांच्या मशीनपायी पोलीस ठाण्याच्या खेपा कुणाला हव्यात?

मशीनच अस्तित्वात नसण्याचा धोका आहेच. "सैन्यात आहे, बदली झालीय, ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी भाडं टाका" ही गोष्ट इतकी जुनी झालीय की त्यात लोक अजून फसतात याचंच नवल. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. माल हातात येईपर्यंत एक रुपयाही नाही, आणि गेलाच तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मग त्याच पैशात नवं, बिननावाचं 58 सीसी का नको? पाच-सात हजारांत ते मिळतं आणि मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. त्याचे सुटे भाग तालुक्याच्या कुठल्याही पंपवाल्याकडे सापडतात, आणि मुख्य म्हणजे पहिल्या टाकीपासून ऑईल तुमच्या हातात असतं. अनोळखी माणसाच्या जुन्या मशीनपेक्षा मी हे पसंत करीन. पण ते अंगाने जड, थरथर जास्त, आणि ब्रेकचा दर्जा नगानगाला बदलतो. नवख्या हातात 22 इंचाचा बार देणं म्हणजे लायसन्स मिळताच ट्रक देणं.

नावाजलेल्या कंपनीचं 30 सीसीच्या आसपासचं छोटं मशीन बार-चेन सोडून चारेक किलोचं असतं. फांद्यांना आणि मध्यम खोडांना ते पुरतं. पैसे बिननावाच्या मशीनच्या तिप्पट-चौपट. पण जुन्याचा हिशेब नीट करा: साडेसात हजार, वर चेन, बार, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), आणि नशीब फुटकं निघालं तर बोर-पिस्टन. ही बेरीज नव्याच्या दारापर्यंत सहज जाते. दरवर्षी महिनाभर काम असणाऱ्याने इकडे तिकडे बघूच नये, सरळ नवं घ्यावं.

उलट वर्षातून दोन-तीन दिवसांचंच काम असेल तर स्वतःचं मशीनच कशाला? मशीनसकट रोजावर येणारे कटरवाले सगळीकडे आहेत. आणि खोड कवेत मावत नसेल, किंवा झाड घराकडे नाहीतर विजेच्या तारेकडे कललेलं असेल, तर घरात तीन चेनसॉ असल्या तरी कटरवाल्यालाच बोलवावं. पडताना झाड कुठे वळेल ते त्याला कळतं.

आतेभाऊ मधल्या गटातला, आठ-दहा दिवसवाला. त्याला म्हटलं, फिटरकडे जा. फिटरकडे एका बागायतदाराने बदलून दिलेलं छोटं मशीन होतं, नऊ हजार. सायलेन्सर उतरवून त्याने टॉर्च मारली, आतेभावाने फोटो पाठवला. पिस्टनवर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेघा अजून शाबूत होत्या, उभा ओरखडा एकही नाही. मी लिहिलं, "घे."

सोफ्यासमोरची नारिंगी चेनसॉ परवा पुन्हा दिसली. आता साडेसहा हजार. खाली मजकूर तोच, एकदाच वापरलेली.