पुण्यातील घरकामगार महिलांचा प्रवास : पीएमपी बस की मेट्रो?

वनाझच्या बाजूने कल्याणीनगरला कामाला जाणाऱ्या महिलेसाठी मेट्रो निःसंशय जलद आहे. कर्वे रस्त्यावरील कोंडी तिला लागत नाही आणि पहिल्या घरची भांडी वेळेवर होतात. परंतु तिचा दिवस एका घरावर संपत नाही. दुपारपर्यंत तीन-चार सोसायट्या गाठायच्या असतात, आणि तेथे स्थानकाचे जिने चढण्या-उतरण्यापेक्षा जवळच्या थांब्यावरची बसच उपयोगी पडते.

जून २०२५ मध्ये पीएमपीचे किमान तिकीट पाचवरून दहा रुपये झाले. एका थांब्याचा टप्पाही आता दहा रुपयांचा असल्याने फेऱ्या अधिक असतील तर सत्तर रुपयांचा दैनंदिन पासच परवडतो. पण ज्या बाईला महिन्याच्या पगारातून भाडे आणि शाळेची फी भागवायची आहे, तिला सत्तर रुपयेही जड जातात (म्हणूनच अनेकजणी एक टप्पा चालतात). बसची खरी उणीव वेळेची आहे. डब्याची पिशवी खांद्याला लावून ती थांब्यावर उभी असते आणि फोन वाजतो : “मावशी, आज येताय ना?” तरीही माझा कौल बसलाच आहे; फक्त सकाळी सात ते नऊ या वेळेत वस्त्यांमधून सुटणाऱ्या फेऱ्या वाढायला हव्यात.