कॉलेज अचानक बंद पडलं तर: थेट ऑनलाइन तास, रेकॉर्डिंग, दुसरी जागा की सरळ सुट्टी?

पूर, भूकंप, आग, साथ, कारण काहीही असो, कॉलेज बंद झाल्याची सूचना निघाली की प्राध्यापकांच्या ग्रुपवर पहिली चर्चा सुरू होते ती 'ॲप कुठलं घ्यायचं' याची. ॲप सगळ्यात शेवटी ठरवलं तरी चालतं. आधी बघायचं की नेमकं बंद काय पडलंय: इमारत, वीज आणि नेटवर्क, की माणसं. 2020 च्या साथीत इमारती धड होत्या, नेटवर्क चालू होतं, फक्त एकत्र यायला बंदी होती. म्हणून ऑनलाइनवर बऱ्यापैकी निभावलं. पण त्याच अनुभवावर पुढच्या प्रत्येक संकटाचा आराखडा बेतणं मला धोक्याचं वाटतं. वादळात मोबाइलचे टॉवरच बंद पडले, तर ती सगळी तयारी कागदावर राहणार.

थेट तास की रेकॉर्डिंग?

खरी निवड बहुतेक वेळा या दोघांतच असते. थेट ऑनलाइन तासाचं आकर्षण उघड आहे. वेळापत्रक तेच, हजेरी लागते, शंका तिथल्या तिथे सुटते आणि घाबरलेल्या मुलांना रोजचा एक ओळखीचा आवाज ऐकू येतो. हा शेवटचा फायदा कमी लेखू नका. पण वर्ग मोठा असला की पहिली काही मिनिटं 'आवाज येतोय का?' यातच जातात, कॅमेरे एकेक करून बंद होतात आणि पलीकडे कोण ऐकतंय, कोण नुसतं लॉगिन करून बसलंय, कळत नाही. ज्याची वीज त्या तासाला गेली, त्याचा तास बुडाला तो बुडालाच.

डेटाचा हिशेबही आधी मांडून बघावा. एका सेकंदाला एक मेगाबिट या वेगाचा व्हिडिओ तासाला साधारण 450 एमबी खातो. तेच बोलणं सेकंदाला 64 किलोबिट वेगाच्या ऑडिओ फाइलमध्ये 29 एमबीत बसतं. दहा मिनिटांचा तुकडा तर पाच एमबीचाही होत नाही. अशी फाइल आणि सोबत दोन पानांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकली, की मुलगा रेंज मिळेल तेव्हा उतरवून घेतो आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडातसुद्धा अभ्यास करू शकतो.

रेकॉर्डिंगची अडचण वेगळी. शिकवणाऱ्याचं काम वाढतं, आणि 'नंतर ऐकू' म्हणणाऱ्यांचा ढीग साचतो. म्हणून प्रत्येक तुकड्यामागे दोन-तीन प्रश्न आणि उत्तरं पाठवायची मुदत हवीच. हजेरीही त्या उत्तरांवरूनच लावा.

माझं मत स्पष्ट आहे: कणा रेकॉर्डिंग आणि नोट्सचा ठेवा, थेट तास आठवड्यातून एकदा फक्त शंकांसाठी घ्या. अपवाद दोन. बंद आठवडाभराचाच असेल आणि वर्ग लहान असेल, तर सरळ थेट तास घ्या, उगाच नवी घडी बसवत बसू नका. आणि संभाषण किंवा चर्चेवर उभे असलेले विषय रेकॉर्डिंगवर चालत नाहीत.

दुसरी जागा

इमारत गेली पण माणसं गावातच आहेत, अशा वेळी हा पर्याय ऑनलाइनपेक्षा उजवा ठरतो, तरी तो पटकन सुचत नाही. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपानंतर न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठाने इमारतींची तपासणी चालू असताना मोकळ्या जागांत तंबू ठोकून व्याख्यानं घेतली. प्रयोगशाळेच्या विषयांना तर याला पर्यायच नाही. टायट्रेशनचा, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण मोजायच्या प्रयोगाचा, व्हिडिओ पाहून ब्युरेटवर (त्या खुणांच्या नळीवर) हात बसत नाही. त्यासाठी शेजारच्या कॉलेजशी आधीच लेखी बोलणं करून ठेवावं. तेही जमत नसेल तर प्रात्यक्षिकं मागे टाका आणि त्या काळात थिअरी पुढे न्या.

सरळ सुट्टी

याला पळवाट म्हणू नये. 2005 च्या ऑगस्टमध्ये कतरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाने ते अख्खं सत्र बंद ठेवलं. विद्यार्थ्यांना देशभरातल्या इतर विद्यापीठांनी सामावून घेतलं आणि जानेवारी 2006 मध्ये टुलेन पुन्हा सुरू झालं. शिक्षक आणि मुलं स्वतःच बेघर असतील तेव्हा तास चालू ठेवायचा अट्टहास कुणाच्याच कामाचा नसतो. मात्र सुट्टी जाहीर करताना बुडालेले तास कधी भरून काढणार, परीक्षा किती पुढे जाणार आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काय, हे त्याच सूचनेत सांगावं. 'पुढील सूचनेपर्यंत बंद' एवढ्यावर सोडलं की अफवांना ऊत येतो.

मूल्यमापनाबद्दल थोडक्यात: ठरलेल्या वेळेची ऑनलाइन परीक्षा विसरा. पुस्तक उघडून लिहायचे प्रश्न आणि दोन-तीन दिवसांची मुदत बरी.

कुठलाही पर्याय निवडलात तरी काही गोष्टी शांत दिवसांतच करून ठेवाव्या लागतात. विद्यार्थ्यांचे फोन नंबर कॉलेजच्या सर्व्हरवर असतात आणि नेमका तोच पहिल्यांदा बंद पडतो, म्हणून यादीची छापील प्रत विभागप्रमुखांच्या घरी असू द्या. प्रत्येक विषयाला दुसरा शिक्षक नेमून ठेवा, कारण साथीत पहिला आजारी पडू शकतो. सत्राच्या सुरुवातीलाच एक तास मुद्दाम रेकॉर्डिंगवर घेऊन बघा, कोणाकडे फोन नाही ते तेव्हाच कळेल. आणि 'उद्यापासून बदल' हे नक्की कोण जाहीर करणार, प्राचार्य की विभागप्रमुख, ते एका नावानिशी लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी मुलांना दोन वेगळे निरोप जातील.